चार आण्यांचा वाद आणि पन्नास पैशांची रेघ

सन १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात जो सत्याग्रह झाला, त्याची आठवण आपण सामान्यत: शेतसाऱ्याविरुद्धचा लढा म्हणून ठेवतो. ते चुकीचे नाही. परंतु त्या लढ्याच्या मुळाशी असलेला वाद मोजमापाचा होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात राहिलेली नाही. तत्कालीन मुंबई इलाख्याच्या नियमानुसार पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीची साऱ्याची वसुली पूर्णपणे तहकूब होऊ शकत असे. सोळा आण्यांपैकी चार आणे, म्हणजे पाव पीक. सरकारी अंमलदार म्हणत होते की, पीक चार आण्यांहून अधिक आहे. शेतकरी म्हणत होते की, ते चार आण्यांच्या खाली आहे. शेत तेच, पीक तेच, पाऊसही तोच. फरक होता तो मोजणाऱ्यांत आणि मोजण्याच्या रीतीत. त्या फरकातून गांधीजींच्या नेतृत्वाखालील एक सत्याग्रह जन्माला आला.

आकडा समोर आला की आपण निमूटपणे मान तुकवतो. पण सर्व आकडे एका जातीचे नसतात. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले स्मिथ स्टीव्हन्स यांनी १९४६ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध लिहून मापनश्रेणींचे चार प्रकार सांगितले. पहिली नामश्रेणी. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक हे तिचे उदाहरण. गट क्रमांक ८० ची जमीन गट क्रमांक ४० च्या दुप्पट असते, असे कोणी म्हणत नाही. तेथे आकडा हे केवळ नाव आहे. दुसरी क्रमश्रेणी. मोहस् या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांचा कठीणपणा एक ते दहा अशा क्रमाने लावला. त्यात कुरुंद नववा आणि हिरा दहावा. परंतु प्रत्यक्ष कठीणपणा मोजला तर हिरा कुरुंदाच्या कितीतरी पट कठीण भरतो. क्रम कळतो, दोन पायऱ्यांमधील अंतर कळत नाही.

तिसरी समांतर श्रेणी. सेल्सियस तापमापकावर प्रत्येक अंशाचे अंतर सारखे असते; पण तेथील शून्य आपण पाण्याच्या गोठण्यावरून ठरविलेले आहे. म्हणून चाळीस अंशांचा दिवस वीस अंशांच्या दिवसापेक्षा दुप्पट उष्ण, हे विधान निरर्थक ठरते. चौथी गुणोत्तर श्रेणी. वजन, लांबी, क्षेत्रफळ ही तिची उदाहरणे. येथे शून्य म्हणजे खरोखरच काही नाही. दहा क्विंटल ज्वारी पाच क्विंटलांच्या दुप्पट, हे येथेच म्हणता येते. कोणता आकडा कोणत्या श्रेणीचा, हे न पाहता त्याची बेरीज, सरासरी वा तुलना करणे म्हणजे सब घोडे बारा टक्के करणे होय.

आज हा विचार विद्यार्थ्यांच्या पालकांनाही पुरेसा परिचित असायला हवा. प्रवेश परीक्षेत नव्वद पर्सेंटाइल मिळाले, याचा अर्थ शंभरापैकी नव्वद गुण मिळाले असा होत नाही; सुमारे नव्वद टक्के परीक्षार्थी आपल्या बरोबरीने वा मागे आहेत, एवढाच होतो. तो रांगेतला क्रम आहे, ज्ञानाचे वजन नव्हे. तरीही घरोघरी त्याला टक्क्यांचाच मान मिळतो.

आणेवारीची पैसेवारी

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि कालांतराने आण्यांचे पैसे झाले. आणेवारीची पैसेवारी झाली. मोजण्याची मूळ कल्पना मात्र बदलली नाही. गावातील काही शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखून त्यातील पीक कापावयाचे, त्याचे वजन करावयाचे आणि प्रमाण मानलेल्या उत्पन्नाशी त्याची तुलना करावयाची. शितावरून भाताची परीक्षा करण्याचाच हा प्रकार होय. हंगामी, सुधारित आणि अंतिम अशा तीन टप्प्यांनी हा आकडा जाहीर होतो.

दिसावयास ही अस्सल गुणोत्तर श्रेणी आहे. अंशस्थानी वजन, छेदस्थानीही वजन. परंतु ज्या उत्पन्नाला आपण 'प्रमाण' म्हणतो ते कोणत्या वर्षांवरून धरले, यावर सारे अवलंबून असते. छेद लहान धरला की तेच पीक अधिक पैशांचे दिसते. तसेच नमुन्याचे तुकडे ओढ्याकाठच्या काळ्या रानात पडले की माळावरच्या मुरमाड जमिनीत, यावरही गावाचे भवितव्य ठरते. खेड्याच्या शेतकऱ्यांची तक्रार वेगळ्या शब्दांत हीच होती.

याहून मोठी मेख पुढेच आहे. इतक्या कष्टाने काढलेला हा आकडा शेवटी वापरला जातो तो नामश्रेणीप्रमाणे. पन्नास पैशांच्या खाली ते टंचाईग्रस्त, वर ते सुस्थितीतले. जमीन महसुलातील सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, वीजबिलातील सवलत, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी, हे सारे या रेघेशी बांधलेले राहिले. एकोणपन्नास पैशांचे गाव आणि एक्कावन्न पैशांचे गाव यांच्या पिकात जो फरक आहे तो मोजणीतील चुकीहूनही लहान असू शकतो. पण एका गावाला सर्व सवलती आणि दुसऱ्याला काहीच नाही. उलट एकोणपन्नास पैसे आणि दहा पैसे यांच्यामधील प्रचंड दरी मात्र एकाच शिक्क्याखाली झाकली जाते. मोजताना मिळविलेले ज्ञान वापरताना फेकून द्यावे, असाच हा व्यवहार आहे.

शब्दही मापच

शिक्क्याचे महत्त्व किती असते, हे २०१५-१६ च्या दुष्काळात दिसले. शासनाने हजारो गावांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती जाहीर केली. उच्च न्यायालयात प्रश्न उपस्थित झाल्यावर, मे २०१६ मध्ये, त्या शब्दाऐवजी 'दुष्काळ' असे वाचावे, असा खुलासा शासनाला करावा लागला. त्याच वर्षीच्या अखेरीस केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली. पावसाची तूट, पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओलावा, भूजल आणि उपग्रहाने टिपलेला वनस्पतींचा हिरवेपणा असे अनेक निकष तिने पुढे केले. तिच्या आधारे महाराष्ट्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत गंभीर वा मध्यम स्वरूपाचा दुष्काळ जाहीर केला.

एका आकड्याऐवजी अनेक निकष आले, ही सुधारणा खरीच. पण 'मध्यम' आणि 'गंभीर' ही पुन्हा क्रमश्रेणीच आहे. गंभीर म्हणजे मध्यमच्या किती पट, हे ती सांगत नाही. उपग्रह पानाचा हिरवेपणा मोजतो, कणसातला दाणा नव्हे. कालव्याखालचा ऊस हिरवागार दिसत असताना शेजारची बाजरी करपलेली असू शकते. शिवाय पैसेवारीचे एकक गाव होते, येथे ते तालुका झाले. २०२३ मध्ये चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाल्यावर उरलेल्या सुमारे एक हजार महसूल मंडळांसाठी तोच 'दुष्काळसदृश' शब्द परत आला, यावरून कोणत्याही रेघेच्या अलीकडे-पलीकडे माणसे उरतातच, हे ध्यानात यावे.

मग मोजूच नये काय? तसे म्हणणे हा अविचार ठरेल. मोजमापाशिवाय मदत वाटावयाची ठरविली तर ती वशिल्याच्या वाटेने जाईल. आवश्यक आहे ते मापाच्या जातीशी इमान राखणे. आकडा चढ-उताराचा असेल तर मदतही चढ-उताराची असावी. पीक जितके बुडाले तितकी सवलत वाढावी, एका पैशाने कडा कोसळू नये. प्रत्येक गावाची पैसेवारी जाहीर करताना प्रमाण उत्पन्न किती धरले आणि किती तुकडे कोणत्या गटांत कापले, हे ग्रामसभेत वाचून दाखवावे. आणि जेथे केवळ क्रम आहे तेथे सरासरी काढण्याचा मोह टाळावा.

खेड्याच्या शेतकऱ्यांनी माप नाकारले नव्हते. चार आण्यांचा नियम त्यांनी मानलाच होता. त्यांचे म्हणणे इतकेच होते की, मोजणी खरी करा आणि आमच्या देखत करा. शंभरहून अधिक वर्षे लोटली, आण्यांचे पैसे झाले आणि पैशांवर उपग्रह आला. पण त्या मागणीचे वजन अद्याप कमी झालेले नाही.