तबकडीमागचा कारागीर

‘डीजे’ हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाला आठवतो तो मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतींचा गोंगाट. आपल्याकडे हा शब्द माणसाचा राहिलेलाच नाही. तो यंत्राचा, आणि बहुधा उपद्रवाचाच, होऊन बसला आहे. परंतु ज्या न्यूयॉर्क शहरात हिपहॉप संगीत जन्मले तेथे डीजे म्हणजे दोन फिरत्या तबकड्यांवर हात ठेवून उभा असलेला कारागीर होय. अशा कारागिरांत जेसन मिझेल, म्हणजेच ‘जॅम मास्टर जे’, याचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ३० ऑक्टोबर २००२ रोजी क्वीन्समधील आपल्या ध्वनिमुद्रण-कक्षात, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, तो गोळीबाराला बळी पडला. त्याचे जीवन ही केवळ एका लोकप्रिय कलावंताची शोकान्तिका नव्हे. श्रम कोणाचे, शोध कोणाचा आणि मोबदला कोणाला, हा अर्थशास्त्रातील जुना प्रश्न तिच्यात दडलेला आहे.

टंचाईतून जन्मलेली कला

ही कला समृद्धीतून आलेली नाही. ब्रॉंक्स भागातील वस्त्या द्रुतगती मार्गासाठी पाडल्या गेल्या होत्या, कारखाने तेथून निघून गेले होते आणि १९७५ साली तर न्यूयॉर्कची नगरपालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभी होती. काटकसरीची कुऱ्हाड शाळांवर आणि शाळांतील संगीतशिक्षणावरही कोसळली. वाद्य विकत घेण्याची ऐपत नाही, शिकवायला शिक्षक नाही, अशा मुलांच्या घरी एक गोष्ट मात्र होती: वडीलधाऱ्यांनी जमविलेल्या जुन्या ध्वनिमुद्रिका.

११ ऑगस्ट १९७३ रोजी सेज्विक अ‍ॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, जमैकाहून आलेल्या ‘कूल हर्क’ नावाच्या तरुणाने आपल्या बहिणीच्या पुढाकाराने भरलेल्या नाचाच्या कार्यक्रमात तबकड्या वाजविल्या. हिपहॉपचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख मानली जाते. गाण्यातील शब्द थांबून केवळ ड्रमचा ताल उरतो त्या काही क्षणांसाठीच नाचणारे खोळंबलेले असतात, हे हर्कने हेरले. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तोच तुकडा तो आलटून पालटून लांबवू लागला. ग्रँडमास्टर फ्लॅश याने या क्रियेत घड्याळजीची अचूकता आणली, तर ग्रँड विझर्ड थिओडोर याने सुईखालची तबकडी हाताने मागेपुढे घासून नवाच नाद काढला.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत याचे महत्त्व सहज सांगता येते. तबकडी ही उपभोगाची वस्तू, विकत घ्यावी आणि ऐकावी, एवढाच तिचा उपयोग, अशी सार्वत्रिक समजूत होती. या मुलांनी त्या उपभोग्य वस्तूचे उत्पादनाच्या साधनात रूपांतर केले. भांडवलाची उणीव त्यांनी हातांच्या कौशल्याने भरून काढली.

नावात नसलेला तिसरा

जेसन मिझेल १९६५ साली ब्रुकलिनमध्ये जन्मला आणि क्वीन्समधील हॉलिस या वस्तीत वाढला. त्याच वस्तीतील जोसेफ सिमन्स आणि डॅरिल मॅकडॅनियल्स या दोघांबरोबर त्याने ‘रन-डीएमसी’ हा गट उभा केला. गटाच्या नावात ‘रन’ आहे, ‘डीएमसी’ आहे, जे नाही. आणि तरीही रंगमंचावर या दोघांच्या पाठीशी ना वाद्यवृंद होता, ना तालवादक. होता तो एकटा जे आणि त्याच्या दोन तबकड्या. लावणीच्या फडात ढोलकीवाल्याचे जे स्थान, तेच येथे त्याचे; इतकेच की ढोलकी, पेटी आणि तुणतुणे ही तिन्ही कामे त्याच्याच दोन हातांवर होती.

१९८४ सालच्या पहिल्याच संग्रहाने या गटाला सुवर्ण-तबकडीचा मान मिळवून दिला. रॅप संगीतात तो प्रथमच मिळत होता. १९८६ च्या ‘रेझिंग हेल’ या संग्रहाच्या तर तीस लाखांवर प्रती खपल्या. काळी टोपी आणि नाड्या काढलेले आदिदासचे बूट हा जेचा नित्याचा पेहराव सबंध गटाचा गणवेश झाला. त्याच वर्षी त्या कंपनीने गटाशी मोठ्या रकमेचा करार केला.

शोध आणि मोबदला

याच संग्रहातील ‘वॉक धिस वे’ या गाण्याची हकीकत उद्बोधक आहे. एअरोस्मिथ या रॉक गटाचे ते १९७५ सालचे गाणे. जे आणि त्याचे सोबती त्यातील आरंभीचा ड्रमचा तुकडाच तेवढा वाजवीत. पुढचे गाणे त्यांनी कधी धडपणे ऐकलेच नव्हते. निर्माता रिक रुबिन याने संपूर्ण गाणे नव्याने करण्याची कल्पना मांडली आणि ते अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचले. गाण्याचे कर्तृत्व कायद्याने एअरोस्मिथच्या दोघा रचनाकारांकडेच राहिले आणि ते योग्यही होते. पण त्या काही सेकंदांत एक नवे संगीत दडलेले आहे हे ओळखणाऱ्या कानाला कायद्यात जागा नव्हती. शब्द लिहिणारा मालक ठरतो, चाल बांधणारा मालक ठरतो; निवडणारा आणि जोडणारा मात्र मजूरच राहतो. १९७९ साली रॅपची पहिली मोठी लोकप्रिय तबकडी निघाली तेव्हा तर स्टुडिओतील वादकांनी ताल वाजवला आणि डीजेला वगळूनच टाकण्यात आले.

जेच्या अखेरच्या वर्षांकडे डोळेझाक करून त्याला आदरांजली वाहता येणार नाही. गटाची भरभराट ओसरल्यावर तो अमली पदार्थांच्या व्यवहारात ओढला गेला आणि त्यातूनच त्याची हत्या झाली, असे सरकारी पक्षाने न्यायालयात मांडले. २०२० साली आरोप ठेवण्यात आले आणि २०२४ साली ज्यूरीने दोघांना दोषी ठरविले. त्यानंतरही न्यायालयीन वाद सुरूच राहिला. उत्पन्न आटले म्हणून गैरमार्ग क्षम्य ठरत नाही. परंतु ज्याच्या कौशल्यावर लाखो तबकड्या खपल्या, त्या कारागिराच्या उतारवयाची तरतूद बाजारपेठ करीत नाही, हेही तितकेच खरे.

त्याचा खरा वारसा मात्र तबकड्यांच्या खपात नाही. ज्या वर्षी तो गेला त्याच वर्षी, २००२ मध्ये, त्याने न्यूयॉर्कमध्ये ‘स्क्रॅच डीजे अ‍ॅकॅडमी’ स्थापन करण्यात पुढाकार घेतला. गल्लीत एकमेकांचे पाहून शिकण्याची विद्या तेथे वर्गात शिकविली जाऊ लागली. तबकडी कशी धरावी, ताल कसा मोजावा, दोन लयी कशा जुळवाव्या, याचे पाठ तयार झाले. शिक्षकाच्या पेशातील वाचकाला याचे मोल वेगळे सांगायला नको. शाळेतून संगीत हद्दपार झालेल्या काळात जी विद्या रस्त्यावर जन्मली, तिला शाळेत परत आणण्याचे हे कार्य होते.

२००९ साली रन-डीएमसीचा अमेरिकेच्या रॉक अँड रोल सन्मानदालनात प्रवेश झाला तेव्हा त्या गौरवात जेचेही नाव होते. सन्मान उचित होता, पण उशिरा आलेला होता. गीताला आपण गीतकाराच्या आणि गायकाच्या नावाने ओळखतो. ते ज्या हातांवर उभे असते त्या हातांना बहुधा नाव नसते. जॅम मास्टर जेचे स्मरण करायचे ते त्याच्या बुटांचे आणि टोपीचे नव्हे, तर त्या हातांचे.