नाक चोंदलेले बाळ आणि रात्रीची झोप

संत ब्लेझ यांचा सण ३ फेब्रुवारीला येतो. त्या दिवशी मिस्सानंतर दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून धर्मगुरू भाविकांच्या गळ्याला आशीर्वाद देतात. संत ब्लेझ हे चौथ्या शतकाच्या आरंभी अर्मेनियातील सेबास्ते येथील बिशप. ते मुळात वैद्य होते आणि घशात माशाचा काटा अडकलेल्या एका मुलाला त्यांनी वाचविले, असे परंपरा सांगते. या आशीर्वादाच्या रांगेत पुष्कळ आयांच्या खांद्यावर नाक घुरघुरणारे तान्हे बाळ असते. त्यात नवल नाही. पहाटेचा गारठा, ऊसतोड आणि तंबाखूची काढणी ही सगळी आपल्या निपाणी-बेळगाव भागात याच दिवसांत एकत्र येतात.

आशीर्वाद अवश्य घ्यावा. पण घरी गेल्यावर रात्र काढायची असते ती आईला आणि आजीला. बाळ दोन घोट पिते, श्वास अडतो म्हणून सोडते, रडते, रडल्याने नाक आणखी चोंदते. घरात प्रत्येकाजवळ एकेक उपाय असतो. त्यांतले काही चांगले, काही निरुपयोगी आणि काही चक्क धोक्याचे असतात. म्हणून या रात्रीविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या काही महिन्यांत बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. मोठ्या माणसाप्रमाणे तोंड उघडून श्वास घेण्याची सवय त्याला अजून झालेली नसते. नाकपुडी इवलीशी, त्यामुळे थोडा शेंबूड सुकून बसला तरी घर्रघर्र आवाज येतो. ताप नाही, पिणे चालू आहे, अंग खेळते आहे आणि नुसता नाकाचाच आवाज आहे, तर घाबरण्याचे कारण नाही. हे नाक मोकळे करण्यास सर्वांत उत्तम वस्तू म्हणजे मिठाचे सौम्य पाणी. औषधाच्या दुकानात नाकात घालावयाचे सलाईनचे थेंब थोड्या पैशांत मिळतात. घेताना दुकानदारास नीट सांगावे, 'फक्त मीठपाण्याचे, तान्ह्या बाळासाठी.' कारण तशाच छोट्या बाटलीत झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन असली औषधेही येतात. ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तान्ह्या बाळाच्या नाकात घालू नयेत.

थेंब घालण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. बाळाला मांडीवर उताणे घेऊन प्रत्येक नाकपुडीत एकदोन थेंब सोडावेत, मिनिटभर थांबावे आणि सुटलेला शेंबूड मऊ, ओल्या सुती कापडाने नाकाच्या तोंडाशीच टिपून घ्यावा. काडीला गुंडाळलेला कापूस आत घालू नये. रबरी फुग्याची पिचकारी असल्यास फुगा आधी दाबावा, टोक नाकपुडीच्या तोंडाशीच टेकवावे आणि मग हळूच सोडावा. प्रत्येक वेळेनंतर ती धुऊन वाळवावी. दिवसातून तीनचार वेळांपेक्षा अधिक ओढाओढ केली तर नाकाची आतली त्वचा सुजते आणि होते उलटेच. काही आज्या तोंडाने शेंबूड ओढून काढतात. माया थोर खरी, पण मोठ्या माणसाच्या तोंडातले जंतू बाळाला मिळतात. ते टाळावे.

हे सगळे दूध पाजण्याच्या आधी करावे, म्हणजे बाळाला पोटभर पिता येते. सर्दीत बाळ दमते म्हणून एका वेळी थोडे पण वारंवार पाजावे. पाजल्यावर ढेकर काढून पंधरावीस मिनिटे खांद्यावर उभे धरावे. तेवढ्या वेळात ते खांद्यावरच झोपी गेले तर फार बरे. मात्र आईलाच डुलकी येत असेल तर बाळ खाली निजवावे किंवा दुसऱ्याच्या हाती द्यावे. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध हेच अन्न आणि हेच पाणी. सर्दीत दूध तोडू नये, आईला सर्दी असली तरीही नाही.

आता निजविण्याविषयी. बाळाला उताणे, म्हणजे पाठीवर निजवावे, सर्दी असली तरी. 'उताणे ठेवले तर शेंबूड घशात जाऊन गुदमरेल' ही भीती सर्वत्र ऐकू येते. निरोगी बाळ आलेला शेंबूड गिळते किंवा खोकते, पाठीवर असले तरी. उलट पालथे निजविलेल्या बाळांत झोपेतच अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण अधिक असते, हे पाश्चात्त्य देशांत सिद्ध झाले. इंग्लंडात १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली 'बाळ पाठीवर निजवा' अशी मोहीम निघाली आणि त्यानंतर असे मृत्यू झपाट्याने घटले.

दुसरी चूक उशीची. डोक्याला गोल आकार यावा म्हणून आपल्याकडे मोहरीची उशी करतात आणि सर्दी झाली की तिच्याखाली आणखी एक घडी ठेवतात. तान्ह्या बाळाचे डोके मोठे, मान अशक्त. डोके उंच झाले की हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते, म्हणजे ज्यासाठी उपाय केला तेच बिघडते. बाळाचे अंथरूण सपाट आणि घट्ट असावे, उशी नसावी. उतरत्या बिछान्यावर बाळाला बरे वाटते म्हणून अमेरिकेत तसल्या खास गाद्या विकल्या जात. बाळे दगावल्याचे आढळल्यावर २०२२ साली तेथे त्यांच्यावर कायद्याने बंदी आली.

झोळीचेही तेच. शेताच्या बांधावर बाभळीला किंवा आंब्याला झोळी टांगून आई भांगलणीला जाते, तिला दुसरा मार्ग नसतो, हे मी जाणतो. दिवसा थोडा वेळ, कुणाची तरी नजर असताना झोळी चालेल. पण रात्रभर आणि तेही नाक चोंदलेले असताना बाळाला झोळीत ठेवू नये. झोळीत अंगाचे धनुष्य होते आणि मान पुढे मुडपते.

आपल्या बहुतेक घरांत आई बाळाला कुशीत घेऊनच जमिनीवर निजते. पाजायलाही ते सोपे. बाळ आईच्या खोलीत, हाताच्या अंतरावर असावे, पण त्याची गोधडी वेगळी असावी आणि आईची वाकळ त्याच्या तोंडावर येणार नाही एवढी जागा मध्ये राहावी. दारू पिऊन आलेल्या किंवा बिडी ओढणाऱ्या माणसाशेजारी बाळ कधीही निजवू नये, मग तो बाप असो की आजा. थंडी म्हणून कुंची, टोपडे, स्वेटर, वर दोन दुपटी असे बाळाचे गाठोडे करण्याची गरज नसते. आपल्याला जेवढे कपडे लागतात त्यापेक्षा एक अधिक पुरे. बाळाच्या मानेमागे हात लावून पाहावा. घाम असेल तर एक कपडा काढावा.

धुराविषयी मला जरा कडक लिहावे लागेल. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी आणि न्हाऊ घातल्यावर ओवा, वावडिंग, लसणाच्या सालींची धुरी ही आपल्याकडची जुनी रीत. बाळाच्या कोवळ्या नाकाला आणि फुप्फुसाला धूर धूरच असतो, तो ओव्याचा असला तरी. बंद खोलीतील निखाऱ्यांचा न दिसणारा विषारी वायू तर आई आणि बाळ दोघांचाही जीव घेऊ शकतो. दृष्ट काढताना मिरच्या-मोहरी निखाऱ्यावर टाकणे आपल्या धर्मग्रामात होत नाही, असे सगळेच मला सांगतात. खाट मात्र कधी कधी रस्त्यावरून जातानाच येतो. मच्छर अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी लावावी. उदबत्ती आणि धूप देवळात शोभतात, बाळाच्या खोलीत नकोत.

आणि तंबाखू. निपाणीचे नाव तंबाखूने झाले. तेथील वखारीत राबणाऱ्या बायांच्या लढ्यावर युगांतर या स्त्रियांच्या गटाने १९८२ साली माहितीपट काढला. ज्या घरात आई वखारीत जाते, बाप खळ्यावर तंबाखू झोडतो, तेथे ती भुकटी लुगड्याबरोबर आणि सदऱ्याबरोबर घरात येते. तेव्हा बाहेरून आल्यावर आधी हात-तोंड धुवावे, वरचा कपडा बदलावा आणि मगच बाळ घ्यावे. तंबाखूची बोदे बाळ निजते त्या खोलीत रचू नयेत. मिश्री लावणाऱ्या भगिनींना एक गोष्ट कुणी सांगत नाही: मिश्रीतील निकोटीन अंगावरच्या दुधात उतरते आणि बाळाची झोप मोडते. मिश्री सुटली तर उत्तमच. आज सुटत नसेल तरी दूध बंद करू नये, मिश्री कमी करीत जावी.

उसाचे पाचट पेटविणाऱ्यांनाही दोन शब्द. रात्री पाचट पेटते तेव्हा तो धूर पहिल्यांदा घुसतो तो वस्तीवरच्या घरात. पाचट सरीत पसरून कुजविले तर जमिनीत ओल टिकते, तण कमी येते आणि खतही होते. हे या पानावर पूर्वी अनेकांनी वाचले असेल. एका बाळाच्या झोपेसाठी म्हणून तरी यंदा काडी ओढू नये.

घरगुती औषधांपैकी चार गोष्टी पूर्ण वर्ज्य समजाव्यात. कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधू नये, पाळण्याला टांगू नये आणि कापूर-पुदिन्याचा बाम दोन वर्षांखालील मुलास लावू नये. कापूर पोटात गेला तर झटके येतात आणि गळ्यातील दोऱ्याचा फास बसतो तो वेगळाच. नाकात तेल घालू नये, ते फुप्फुसात उतरून दाह करते. एक वर्षापर्यंत मध चाटवू नये, तुळशीच्या रसातूनही नाही. क्वचित त्यातील जंतूमुळे बाळ लुळे पडते. आणि खोकल्या-सर्दीचे पातळ औषध आपल्या मनाने किंवा दुकानदाराच्या सांगण्यावरून देऊ नये. डिसेंबर २०२३ मध्ये भारत सरकारने क्लोरफेनिरामाइन व फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा आदेश काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावल्याचे उघड झाले. दोन वर्षांखालील मुलांना असली औषधे देऊच नयेत, असे केंद्रीय आरोग्य खात्याने त्याच महिन्यात कळविले. वाफेचे पातेलेही बाळाच्या जवळ नको, भाजलेल्या बाळाचे दुःख सर्दीपेक्षा फार मोठे.

आता सर्वांत महत्त्वाचे. साधी सर्दी आणि न्युमोनिया यांत फरक ओळखायचा कसा? जुन्या बायका 'पोट उडते', 'बरगडी ओढते' म्हणतात, कुठे 'डबा झाला' म्हणतात आणि बिब्बा घालतात किंवा डाग देतात. त्यांची नजर बरोबर असते, उपाय चुकतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांनी याच नजरेवर विश्वास ठेवला. तेथील बायकांचे 'लाहक' आणि 'धाप' हे शब्द त्यांनी निदानासाठी वापरले. गावच्या दायांना आणि आरोग्यसेवकांना न्युमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले. अक्षरओळख नसलेल्या दाईलाही श्वास मोजता यावेत म्हणून एक साधे यंत्र केले: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. या कामाचा अहवाल १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्या गावांत हे काम झाले तेथे न्युमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या मानाने निम्म्याहून कमी होते.

मण्यांचे यंत्र आपल्या प्रत्येक घरात आहे. रोझरीत पाच दशके, दर दशकात दहा लहान मणी, म्हणजे पन्नास. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, त्याचे पोट उघडे करावे. एकाने घड्याळाचा सेकंदकाटा पाहावा आणि दुसऱ्याने पोट वर आले की एक लहान मणी सरकवावा. मधला मोठा मणी सोडून द्यावा. पूर्ण एक मिनिट मोजावे, अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण तान्ह्याचा श्वास कमीजास्त होतो. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाची मिनिटात पाचही दशके संपली, म्हणजे ५० किंवा अधिक श्वास झाले, तर तो जलद श्वास होय. एक ते पाच वर्षांच्या मुलास चार दशके, म्हणजे ४०. दोन महिन्यांखालील बाळास पाच दशके आणि वर आणखी एक, म्हणजे ६०. एवढ्या लहानग्याचे मोजमाप एकदा जास्त आले तर लगेच पुन्हा मोजावे. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत. माळेचा असा वापर करण्यात तिचा अवमान होतो, असे मला मुळीच वाटत नाही.

श्वास जलद असेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, कण्हण्याचा आवाज येत असेल, ओठ किंवा जीभ निळसर दिसत असेल, बाळ पिणे सोडून देत असेल, सर्व ओकत असेल, झटके येत असतील किंवा हलवूनही नीट जागे होत नसेल, तर श्वास मोजण्यातही वेळ घालवू नये. दोन महिन्यांखालील बाळाला ताप आला किंवा त्याचे अंग गार पडले, तरी हाच नियम. कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य बोलाविता येते. मोटारसायकलवरून न्यावेच लागले तर बाळ आईच्या छातीशी उभे धरावे, तोंड वाऱ्यापासून आडोशाला पण उघडे ठेवावे. पीत असेल तर वाटेतही पाजावे.

न्युमोनियाविरुद्धची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे. ती सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात व नवव्या महिन्यात विनामूल्य मिळते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट लसही चुकवू नये. उसाच्या टोळीबरोबर किंवा माहेरी गेल्यामुळे एखादी राहिली असेल तर लसीचे कार्ड घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे जावे. उशीर झाला म्हणून त्या परत पाठवीत नाहीत.