समजून घ्या : गोळी पाकिटातून काढली, की तिची मुदत किती उरते?

महिनाभराची बीपी-शुगरची औषधे मेडिकलमधून आणायची, सगळ्या गोळ्या पाकिटातून सोडवून एका डबीत भरायच्या आणि रिकामी पाकिटे केरात टाकायची. म्हाताऱ्या माणसांना रोज गोळी सोडवणे जड जाते, डबीतून मोजून घेणे सोपे पडते. म्हणून बऱ्याच घरांत हे सर्रास चालते. पण पाकिटावर छापलेली एक्स्पायरी डेट ही नुसत्या गोळीची नसते, ती बंद पाकिटातल्या गोळीची असते. पाकीट उघडले की त्या तारखेची हमीही संपते. औषधाचे वेष्टन नेमके काय अडवते, ते फाटले तर काय बिघडते आणि आटपाडीसारख्या कोरड्या, उन्हाच्या पट्ट्यात याचा संबंध कुठे येतो, ते समजून घेऊ.

वेष्टन नेमके कशाला अडवते?

औषधाचे शत्रू मुख्यतः चार : ओलावा, हवेतला ऑक्सिजन, प्रकाश आणि जंतू. यांना बाहेर थोपवणाऱ्या वेष्टनाला औषध उद्योगात ‘बॅरिअर पॅकेजिंग’ म्हणतात.

उदाहरण ॲस्पिरिनचे घेऊ. हृदयरोगाचे अनेक रुग्ण ही गोळी रोज घेतात. तिला ओलावा लागला की तिचे हळूहळू दोन पदार्थांत विघटन होते, सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲसेटिक ॲसिड. यातले दुसरे म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल. जुन्या ॲस्पिरिनला आंबूस वास येतो तो यामुळेच. अमॉक्सिसिलिनच्या जोडीने दिले जाणारे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड तर ओलाव्याला फारच हळवे. रक्तदाबावरचे निफेडिपिन उजेडात खराब होते, म्हणून ते प्रकाश अडवणाऱ्या वेष्टनात येते.

आटपाडीच्या डाळिंब बागायतदाराला हे वेगळे सांगायला नको. साल शाबूत असलेले डाळिंब कितीतरी दिवस टिकते. तेच झाडावर तडकले की बुरशी, माश्या आणि हवा आत शिरते आणि व्यापारी ते बाजूला काढतो. दाणे तेच असतात, फरक फक्त सालीचा. गोळीचे पाकीट हे औषधाची साल आहे.

पारदर्शक आणि चंदेरी पाकिटात फरक काय?

मेडिकलमध्ये मिळणारी पाकिटे साधारण तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात वर पारदर्शक प्लास्टिकच्या खोबणी आणि मागे चंदेरी फॉइल असते. हे प्लास्टिक बहुधा पीव्हीसी. दुसऱ्या प्रकारात त्याच पीव्हीसीवर पीव्हीडीसी नावाच्या प्लास्टिकचा थर चढवलेला असतो. तिसऱ्यात खोबणीही ॲल्युमिनियमची आणि मागची बाजूही ॲल्युमिनियमची. याला धंद्याच्या भाषेत ‘अल्यु-अल्यु’ म्हणतात.

प्लास्टिक डोळ्यांना अखंड दिसले तरी त्याच्या रेणूंमधल्या फटींतून पाण्याची वाफ सावकाश आत झिरपते. पाव मिलिमीटर जाडीच्या साध्या पीव्हीसीतून, ३८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रतेत, दिवसाला प्रति चौरस मीटर सुमारे ३ ग्रॅम बाष्प पार होते. एका गोळीच्या खोबणीचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर धरले, तर ढोबळ हिशेबाने दिवसाला जवळपास १ मिलिग्रॅम. आकडा किरकोळ वाटतो, पण पाकीट दोन-दोन वर्षे कपाटात राहणार असेल तर तो किरकोळ राहत नाही. पीव्हीडीसीचा थर हे प्रमाण कित्येक पटींनी खाली आणतो. अखंड ॲल्युमिनियम तर वाफ, ऑक्सिजन आणि प्रकाश तिन्ही जवळजवळ पूर्ण अडवते.

अल्यु-अल्युचा पत्रा म्हणजे तीन थरांचे सँडविच. बाहेर २५ मायक्रॉनचे नायलॉन, मध्ये ४५ मायक्रॉनचे ॲल्युमिनियम आणि आत ६० मायक्रॉनचे पीव्हीसी, ही त्याची रूढ रचना. यातला ॲल्युमिनियमचा थर माणसाच्या बहुतेक केसांपेक्षाही पातळ असतो.

ही फिल्म आणि फॉइल बनवणारे कारखाने आपल्यापासून फार लांब नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरची बिलकेअर, सातारा जिल्ह्यातल्या शिरवळ परिसरातला एसीजी समूह ही या उद्योगातली ओळखीची नावे आहेत.

मग सगळीच औषधे अल्यु-अल्युमध्ये का देत नाहीत?

खर्च हे पहिले कारण. दुसरे कारण आकार. प्लास्टिक तापवून हवे तसे ओढता येते, ॲल्युमिनियम मात्र गार असतानाच दाबावे लागते आणि फार ताणले की फाटते. त्यामुळे खोबणी रुंद ठेवावी लागते आणि दहा गोळ्यांचे पाकीट हातभर वाटते. तिसरे कारण कचऱ्याचे. एकमेकांना चिकटवलेले थर वेगळे करणे अवघड असल्याने अशा पाकिटांचा पुनर्वापर सोपा नाही. म्हणून औषध किती हळवे आहे ते तपासून त्याला पुरेल तेवढेच कवच दिले जाते.

एक्स्पायरी डेट ठरते कशी?

कंपनी औषध बाजारात विकायच्या पाकिटातच भरते आणि ठरावीक तापमान-आर्द्रतेच्या कपाटांत ठेवते. वेगवान चाचणीत ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत ६ महिने ठेवून औषधाचा जोर किती उतरला, नको ते घटक किती वाढले, हे मोजतात. याच्या जोडीला नेहमीच्या हवामानाची दीर्घकाळ चाचणी चालते. त्यावरून मुदत ठरते.

म्हणजे परीक्षेला गोळी आणि पाकीट दोघेही बसतात. पास झाल्याचा दाखलाही दोघांच्या नावाचा असतो. डबीत ओतलेल्या गोळीची अशी परीक्षा कुणी घेतलेली नसते. डोळ्यांत घालायच्या कित्येक थेंबांच्या बाटल्यांवर ‘उघडल्यानंतर एक महिन्याच्या आत वापरा’ असे छापलेले असते, त्यामागचे तत्त्व हेच.

आटपाडी तर कोरडी, इथे ओलाव्याची भीती कशाला?

माणदेश पर्जन्यछायेत येतो हे खरे. पण ओलावा फक्त पावसातून येत नाही. चुलीशेजारचा कोनाडा, फ्रिजवरची जागा, मोरीजवळचे कपाट इथली हवा वेगळी असते. शिवाय फार कोरडी हवाही सगळ्या औषधांना मानवत नाही. कॅप्सूलच्या जिलेटिनच्या टोपणात साधारण १३ ते १६ टक्के पाणी असते. ते उडाले की टोपण ठिसूळ होऊन तडकते, जास्त झाले की कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. वेष्टन दोन्ही टोकांपासून वाचवते.

दुसरे कारण या तालुक्याच्या ओळखीशी जोडलेले आहे. आटपाडी-खानापूर भागातली कितीतरी कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पसरली आहेत. एकाच औषधाचे पाकीट गावी आईच्या कपाटात असते आणि केरळच्या दमट शहरात मुलाच्या दुकानातही. कंपनीला दोन्ही ठिकाणी ते टिकवावे लागते.

एक गोष्ट मात्र कुठलेच पाकीट अडवू शकत नाही, ती म्हणजे उष्णता. उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिकीत किंवा तापलेल्या पत्र्याखालच्या फळीवर ठेवलेले औषध अल्यु-अल्युतही तापतेच. म्हणून लशीच्या कुप्यांवर उष्णतेची नोंद ठेवणारी खूण लावण्याची पद्धत १९९६ साली पोलिओच्या तोंडी लशीपासून सुरू झाली. गोलातला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरण्याजोगी. दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन अधिक गडद झाला तर ती टाकून द्यायची. उष्णता थांबवता येत नाही, निदान ती लागल्याचे कळते तरी.

‘सापाची लस’ भुकटीत का असते?

शेतात, वाडी-वस्तीवर सर्पदंश झाला तर जवळच्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष असणे हा जगण्या-मरण्याचा प्रश्न. मुंबईच्या परळमधली हाफकिन संस्था हे औषध बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. ते द्रवरूपात असेल तर २ ते ८ अंशांची शीतसाखळी लागते. गोठवून कोरडे केलेली भुकटी असेल तर थंड जागा पुरते आणि मुदतही साधारण ५ वर्षांपर्यंत मिळते. जिथे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, तिथे हा फरक मोठा आहे.

पण ही भुकटी हवेतला ओलावा पटकन ओढते. तिला वाचवते ती काचेची कुपी, तिच्यावरचे रबरी बूच आणि त्या बुचाला जखडणारी ॲल्युमिनियमची कडी. मेंढ्या-शेळ्यांना पीपीआर रोगावर टोचतात ती लसही अशीच भुकटीरूपात येते.

ओआरएसच्या पुडीची गोष्ट काय आहे?

कधी कधी वेष्टनाची अडचण औषधाचा फॉर्म्युलाच बदलते. ओआरएसमध्ये पूर्वी सोडिअम बायकार्बोनेट, म्हणजे खायचा सोडा असे. उष्ण आणि दमट देशांत त्यामुळे पुडीतली भुकटी तपकिरी पडे, गोळे होत. ती टिकवायला महागडे फॉइल लागे. १९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने सोड्याच्या जागी ट्रायसोडिअम सायट्रेट सुचवले. भुकटी जास्त टिकू लागली आणि स्वस्त वेष्टनातही देता येऊ लागली. आजच्या प्रमाणित पुडीत २०.५ ग्रॅम मिश्रण असते, ते पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळायचे. अर्धी पुडी उद्यासाठी मुडपून ठेवली तर ओलावा शिरतो आणि प्रमाणही चुकते.

इंजेक्शनची सिरिंज, हातमोजे यांचे पाकीट वेगळे का?

इथे मुख्य शत्रू जंतू. सिरिंज किंवा कॅथेटर आधी पाकिटात बंद करतात आणि मग पाकिटासकट निर्जंतुक करतात. त्यासाठी अनेकदा इथिलिन ऑक्साइड वायू वापरतात. आता पेच असा, की वायू आत गेला पाहिजे, बाहेर आला पाहिजे, पण जंतू शिरता कामा नये. म्हणून पाकिटाची एक बाजू प्लास्टिकची आणि दुसरी खास कागदाची किंवा टायव्हेकची असते. टायव्हेक म्हणजे पॉलिथिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंचा दाट गुंता. वायू त्या वाकड्यातिकड्या वाटांतून निघून जातो, जंतू वाटेतच अडकतात. अशा पाकिटांसाठी ‘आयएसओ ११६०७’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

कागद भिजला की ही चाळण निकामी होते. वाळल्यावर पाकीट चांगले दिसले तरी आतली वस्तू निर्जंतुक राहिली असे धरता येत नाही. पाकिटावर आकडा २ आणि त्यावर काट दिसली तर अर्थ ‘पुन्हा वापरू नका’. डॉक्टर किंवा नर्सना पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगण्यात संकोच नको.

स्ट्रिप कापून घेणे चुकीचे आहे का?

दहा गोळ्यांचे पैसे नसतील तर चार घेणे यात गैर काही नाही. खोबणीचा कडेचा सील शाबूत ठेवून कापली तर आतली गोळी सुरक्षित राहते. अडचण वेगळीच आहे. नाव, बॅच नंबर, मुदत हे सगळे एकाच कोपऱ्यात छापलेले असेल तर ते दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे जाते. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० प्रमुख ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे. मोबाइलने तो स्कॅन करून बॅच आणि मुदत पाहता येते. पण तुकडा कापताना कोड तुमच्याकडे आला तरच.

पाकीट आणखी एक राखण करते, छेडछाडीची. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोत टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळले आणि ७ जणांचा जीव गेला. त्यानंतरच उघडल्याची खूण राहील अशी झाकणे आणि सील सर्वत्र रूढ झाले. तुटलेल्या सीलची बाटली परत करणे हा म्हणूनच चिकित्सकपणा नव्हे.

घरी काय करता येईल?

• गोळी घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढा. वेळापत्रकाची डबी वापरायची असेल तर आठवड्यापुरतीच भरा. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी पाकिटाच्या एकेक गोळीचे तुकडे कापून, सीलसकट, डबीत ठेवता येतात.

• हृदयविकाराची जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी काचेच्या मूळ बाटलीतून दुसरीकडे काढू नका. तिचे औषध उडून जाते, प्लास्टिकमध्येही शोषले जाते.

• पाकीट मुडपून खिशात किंवा पाकिटमारासारखे पैशांच्या पाकिटात कोंबू नका. घडीवर फॉइलला न दिसणाऱ्या चिरा पडतात.

• बाटलीतली सिलिका जेलची छोटी पुडी फेकू नका, ती ओलावा शोषण्यासाठीच असते. ती खायची मात्र नाही, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

• स्ट्रिप कापून घेताना मुदत असलेल्या भागाचा मोबाइलवर फोटो काढा. कागदी पुडीत सुट्या गोळ्या मिळाल्या तर औषधाचे नाव लिहून मागा आणि सांगितलेल्या दिवसांतच त्या संपवा. उरलेल्या पुढच्या आजारपणासाठी ठेवू नका.

• गोळीचा रंग, वास बदलला किंवा ती भुसभुशीत झाली तर ती घेऊ नका. पण रोजचे औषध परस्पर बंदही करू नका. ती घेऊन फार्मासिस्टकडे जा आणि नवे पाकीट घ्या.

डबी आधीच भरून ठेवली असेल तर आज एवढेच करा : त्यात कुठली गोळी किती दिवसांपासून आहे, ते आठवून पाहा. आठवत नसेल, तर त्या गोळीची मुदत तुम्हाला कळायला आता दुसरा मार्ग नाही.