अचूक नेम शिकवता येतो का?

२०१८ साली बफेलो बिल्स या संघाने जॉश ॲलनला सातव्या क्रमांकावर निवडलं, तेव्हा बऱ्याच जाणकारांनी नाकं मुरडली. उंची सव्वासहा फुटांच्या वर, हातात प्रचंड ताकद. पण वायोमिंग विद्यापीठाकडून खेळताना त्याचे शंभरातले जेमतेम ५६ पास सहकाऱ्यापर्यंत पोचत होते. ताकद कमावता येते, नेम मात्र उपजत असावा लागतो, असं अमेरिकन फुटबॉलमधलं जुनं मत. पहिल्या व्यावसायिक हंगामात ॲलनची टक्केवारी ५२.८ आली. लीगची सरासरी तेव्हा ६५च्या आसपास होती. दुसऱ्या वर्षी ती ५८.८ झाली आणि तिसऱ्या वर्षी, २०२० मध्ये, थेट ६९.२! एवढ्यात हात काही बदलला नव्हता. मग बदललं काय?

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात : क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा सूत्रधार. चेंडू हातात आल्यावर त्याला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. समोरून शंभर-सव्वाशे किलोचे गडी त्याला आडवं करायला धावून येत असतात आणि तेवढ्या वेळात त्याने धावत्या सहकाऱ्याकडे सुमारे ४०० ग्रॅमचा चेंडू फेकायचा असतो.

ही फेक हाताची वाटते, पण ती सुरू होते पायांपासून. पाय जमिनीला रेटा देतात, कंबर वळते, मग धड, खांदा आणि सर्वांत शेवटी मनगट. सीमारेषेवरून थेट यष्टींवर चेंडू मारणारा क्षेत्ररक्षकही हेच करतो. या साखळीतली एखादी कडी लवकर किंवा उशिरा हलली, की ती चूक हाताला सावरून घ्यावी लागते आणि नेम हुकतो. दणकट हाताच्या खेळाडूची इथेच फसगत होते. पाय चुकले तरी चेंडू लांब जातोच, त्यामुळे चूक वर्षानुवर्षं झाकून राहते. ॲलनने सुट्टीच्या काळात जॉर्डन पामर या माजी क्वार्टरबॅककडे शिकवणी लावली, हालचालींचं मोजमाप करून घेतलं आणि फेक पायांपासून नव्याने घडवली.

दुसरा भाग डोळ्यांचा. मुरलेला बुद्धिबळपटू सोंगट्या सुट्या सुट्या पाहत नाही, तर ओळखीच्या रचना पाहतो. मात्र पट खऱ्या डावातला नसेल, सोंगट्या वाटेल तशा मांडल्या असतील, तर त्याची स्मरणशक्ती बरीचशी सामान्य माणसासारखी होते, हे १९७०च्या दशकात विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी दाखवलं. क्वार्टरबॅकचंही तसंच. नवख्याला अकरा बचावपटू दिसतात, अनुभवी माणसाला एक ओळखीची चाल दिसते. ही ओळख पाठांतराने येत नाही, चुकत चुकतच येते. पेटन मॅनिंगने १९९८च्या पहिल्या हंगामात तब्बल २८ पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले होते. नवोदितासाठी हा आजही विक्रम आहे. पुढे हाच मॅनिंग पाच वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पण प्रत्येक चूक शिकवतेच असं नाही. काही चुका भीती पेरतात. २०१९ मध्ये सॅम डार्नल्ड न्यू इंग्लंडविरुद्ध ०–३३ असा हरला, त्या सामन्यात बाकावर बसून तो म्हणाला, की मला भुतं दिसताहेत. त्याच्या अंगावर माइक होता, त्यामुळे ते वाक्य देशभर ऐकलं गेलं आणि त्याची टिंगल झाली. खरं तर त्याने नेमकं वर्णन केलं होतं. वारंवार मार बसला, की मेंदूचं लक्ष धोक्याकडे ओढलं जातं. नजर लांबच्या सहकाऱ्यावरून सुटून अंगावर येणाऱ्या गड्यांकडे वळते आणि कोणी जवळ नसतानाही घाईने फेक होते. याला भित्रेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. डार्नल्डने २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत राखीव खेळाडू म्हणून वर्ष काढलं आणि २०२४ मध्ये मिनेसोटाला साखळीतले १४ सामने जिंकून दिले.

अर्थात, ॲलनकडे बोट दाखवून ‘वेळ दिला की सगळे घडतात’ म्हणणं सोपं आहे. न घडलेल्यांची नावं आपल्या लक्षात राहत नाहीत, एवढंच. २०१८च्या त्याच निवडीत दहाव्या क्रमांकावर आणखी एक जॉश होता, जॉश रोझेन. ॲरिझोनाने त्याच्या पहिल्याच हंगामात, अर्ध्यावर असताना, आक्रमणाचा प्रशिक्षक बदलला. हंगाम संपल्यावर मुख्य प्रशिक्षकही गेला. नव्याने आलेल्याने दुसरा क्वार्टरबॅक निवडला आणि रोझेनला मायामीला देऊन टाकलं. त्यानंतर त्याचा जम कुठेच बसला नाही. ॲलनला मात्र ब्रायन डेबल हा एकच आक्रमण-प्रशिक्षक सलग चार हंगाम लाभला आणि २०२४च्या हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पहिल्या वर्षी ॲलनची टक्केवारी ५२.८ होती. रोझेनची होती ५५.२.