गॅरेजमधले ॲसिड कोठे ठेवाल?

२८ फेब्रुवारी २००१ रोजी सकाळी अकराच्या सुमारास निस्क्वालीचा ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सिॲटल परिसरातली बहुतेक घरे उभी राहिली, पण फळ्यांवरचे सामान मात्र खाली आले. रेडमंडमध्ये गॅरेजात ज्यांनी छोटेसे वर्कशॉप थाटले आहे, त्यांनी रसायने ठेवताना हा दिवस लक्षात ठेवावा. वरच्या फळीवर म्युरिॲटिक ॲसिड आणि शेजारी कपड्यांचे ब्लीच अशा दोन बाटल्या एकदम खाली पडून फुटल्या, तर त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. आणि आपल्या गॅरेजचे एक दार सरळ घरात उघडते!

म्युरिॲटिक ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडच. काँक्रीटचे डाग काढायला आपण ते आणतो. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असणाऱ्यांकडे सर्किट बोर्ड कोरण्याचे फेरिक क्लोराईड असते, आणि तुंबलेल्या नळीसाठी कॉस्टिक सोडा तर बहुतेक घरी सापडेल. हे सर्व कमरेच्या उंचीखाली, पण लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा कुलूपबंद कपाटात ठेवावे. प्रत्येक बाटली जाड प्लास्टिकच्या टबमध्ये उभी करावी, म्हणजे गळती झाली तरी टबातच राहील. ॲसिडचा टब एका कपाटात, कॉस्टिक सोडा आणि ब्लीच दुसऱ्या कपाटात. ॲल्युमिनियमच्या भांड्यात कॉस्टिक सोडा कधीही घालू नये. त्यातून हायड्रोजन निघतो.

म्युरिॲटिक ॲसिडची वाफ घट्ट झाकणातूनही थोडी बाहेर येते. एका हिवाळ्यात पाने-पकडी गंजलेल्या दिसल्या तर दोष रेडमंडच्या पावसाला देण्याआधी बाटली पाहावी. गॅरेजात गॅसचा वॉटर हीटर किंवा फर्नेस असेल तर ॲसिड त्याच्याजवळ नकोच. खरे म्हणजे लागेल तेवढेच आणावे; उरलेले 'असू दे, कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून साठवण्यात काही शहाणपण नाही.

हायड्रोजन पेरॉक्साईड आणि ॲसिड मिसळून केलेले कोरण्याचे द्रावण बाटलीत घट्ट बंद करून ठेवू नये. आत वायू साठून बाटली फुटते.

आपली एक जुनी सवय येथे घातक ठरते. बोर्नव्हिटाच्या डब्यात हरभऱ्याची डाळ ठेवणारी आपण मंडळी! तीच हुशारी पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ॲसिड ओतताना दाखवू नये. रसायन मूळ बाटलीतच ठेवावे. भारतातून आई-वडील राहायला आले असतील तर लेबलाखाली मोठ्या अक्षरांत मराठीतही लिहावे : 'ॲसिड. हात लावू नये.'

डोळ्यात किंवा अंगावर उडाले तर ताबडतोब वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे धुवावे. कोणी प्यायल्यास उलटी करवू नये. विषबाधा केंद्राचा नंबर १-८००-२२२-१२२२ असून तो चोवीस तास चालू असतो. फ्रिजवर चिकटवून ठेवावा. माणूस बेशुद्ध असेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर ९११.

जाता जाता विम्याबद्दल : घराच्या नेहमीच्या पॉलिसीत भूकंपाचे नुकसान धरलेले नसते, त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. आपली पॉलिसी एकदा काढून वाचावी.

उरलेली रसायने ड्राइव्हवेवर किंवा रस्त्याकडेच्या गटारात ओतू नयेत. ते पाणी ओढ्यांत आणि समॅमिश नदीत जाते, जिथे सॅमन मासे येतात; वापरलेल्या फेरिक क्लोराईडमधले तांबे त्यांना फार बाधते. शिवाय रेडमंडच्या पिण्याच्या पाण्याचा काही भाग शहराच्या उथळ विहिरींतून येतो. बेलव्ह्यूमधल्या फॅक्टोरिया येथील किंग काउंटीच्या केंद्रावर घरगुती घातक कचरा घेतात आणि काउंटीच्या रहिवाशांना त्यासाठी तेथे पैसे द्यावे लागत नाहीत. बाटल्या मूळ लेबलासह, ट्रंकमध्ये उभ्या आणि एकमेकींपासून दूर ठेवून न्याव्यात.