रानभाजीचा मान

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की पनवेलच्या बाजारात व शहराबाहेरील हमरस्त्यांच्या कडेला कातकरी व ठाकूर स्त्रियांच्या टोपल्या दिसू लागतात. प्रथम शेवळे येतात, पाठोपाठ टाकळा, कुळू व भारंगी, मग कंटोळी. यांपैकी एकही भाजी कोणी पेरलेली नसते, आणि हंगाम सरला की पैसे मोजूनही ती मिळत नाही. बारमाही फ्लॉवर-कोबीस विटलेल्या जिभेला हा पालट गोड वाटावा, यात नवल नाही. परंतु ज्या हातांनी हा घास आपल्या पानात येतो, त्यांची योग्यता आपण कितपत जाणतो, हा प्रश्न वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अवश्य वाटते.

रानातील प्रत्येक हिरवे पान खाण्याजोगे नसते. शेवळे तशीच शिजविली तर घसा खाजून जीव बेजार होतो. म्हणून ती नीट निवडून त्यांत काकडाच्या आंबट फळांचा रस घालावा लागतो. शेवळे विकणारी बाई काकडेही बरोबर आणते, ती याचसाठी. भारंगीचा पाला उकडून पाणी टाकल्यावाचून त्याचा कडवटपणा जात नाही. ही विद्या कोणत्याही पाठशाळेत शिकविली गेली नाही. ती आईकडून लेकीकडे चालत आली आहे. अशा लोकांस आपण अडाणी म्हणतो, आणि त्यांनाच विचारून भाजी रांधतो!

परदेशांकडे पाहिले असता काय दिसते? जपानात ज्या त्या पदार्थाच्या ऐन बहराला ‘शुन’ असा स्वतंत्र शब्द आहे. वसंत ऋतूत तेथील लोक डोंगरातील कोवळे नेचे व कोंब आवडीने खातात, आणि त्यांचा उग्रपणा राखेच्या पाण्याने घालवितात. आमचे काकड व त्यांची राख ही एकाच शहाणपणाची दोन रूपे होत. फरक आहे तो मानाचा. १९९३ पासून त्या देशाने हमरस्त्यांवर विश्रांतिस्थाने अधिकृतपणे नोंदविण्यास आरंभ केला. त्यांपैकी बहुतेकांत आसपासच्या गावकऱ्यांचा ताजा माल विकण्याची सोय असते. जर्मनीत शतावरीच्या कुळातील पांढऱ्या कोंबांचा हंगाम २४ जूनला प्रथेने बंद होतो, तो रोपांस पुन्हा बळ धरता यावे म्हणून. भोगाबरोबर संयमही हवा, हा धडा आम्हांसही घेण्याजोगा आहे; कारण शेवळ म्हणजे त्या झाडाचा फुलोराच होय, आणि तो सगळाच खुडला तर बी कोठून पडणार?

पनवेल हे तर मुंबई-पुणे व मुंबई-गोवा या दोन्ही मार्गांच्या फाट्यावरील शहर. असे असता आमच्याकडील विक्रेती पावसात, चिखलात, धावत्या मोटारींच्या शेजारी टोपली मांडून बसते. आणि उपाहारगृहात मुकाट्याने शेकडो रुपये मोजणारा गृहस्थ तिच्या जुडीवर पाच रुपयांसाठी घासाघीस करितो. हे आम्हांस शोभत नाही.

कायद्याचे साह्य नाही असेही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क वनवासी जमातींस दिला आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर विक्रेता समितीत निदान शेकडा ४० सभासद विक्रेत्यांतील असावेत, व त्यांत तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे ठरविले आहे. पनवेलची महानगरपालिका २०१६ साली स्थापन झाली. पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती छपराखालील कोरडी जागा, पिण्याचे पाणी व शौचालय एवढी सोय या स्त्रियांसाठी करणे शहरास अवघड नाही. नागरिकांनी ती आग्रहाने मागितली पाहिजे.

तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहेच. उद्या टोपलीपाशी थांबाल तेव्हा भाव पाडू नका. भाजी कशी निवडावी व कशी रांधावी, ते मात्र त्या बाईस आदराने विचारा. विद्या देणाऱ्यास गुरू म्हणण्याची आपली रीत आहे.