विश्लेषण : आधारच्या फाइलमध्ये ‘औरंगाबाद’चे ‘छत्रपती संभाजीनगर’ आपणच करता येते का?

केवायसीसाठी आधारची झेरॉक्स देण्याऐवजी ‘ऑफलाइन ई-केवायसी’ची एक्सएमएल फाइलही देता येते. आपल्या जिल्ह्याचे नाव सप्टेंबर २०२३ मध्ये बदलले. पण गंगापूरच्या एखाद्या जुन्या पत्त्यावर फाइलमध्ये अजून ‘औरंगाबाद’ दिसू शकते. ही फाइल साध्या नोटपॅडमध्येही उघडते. मग एक शब्द खोडून दुसरा टाकला तर? फाइल सेव्ह होईल, दिसेलही ठीक. पडताळणीत मात्र ती नापास होईल.

फाइलमध्ये असते काय?

माय-आधार संकेतस्थळावर ओटीपी टाकला की झिप फाइल मिळते. ती उघडण्याचा चार अक्षरी शेअर कोड आपणच ठरवायचा. आतली एक्सएमएल म्हणजे प्रत्येक माहितीला नावाची चिठ्ठी लावलेला मजकूर. ‘डिस्ट’पुढे जिल्हा, ‘सबडिस्ट’पुढे तालुका, ‘व्हीटीसी’पुढे गाव. फोटोसुद्धा अक्षरांच्या लांबलचक ओळीच्या रूपात असतो. पूर्ण आधार क्रमांक नसतो, फक्त शेवटचे चार अंक असतात. मोबाइल क्रमांकही थेट दिसत नाही. झेरॉक्सपेक्षा ही फाइल बरी, ती यामुळेच.

सही का मोडते?

फाइलच्या शेवटी यूआयडीएआयची डिजिटल स्वाक्षरी असते. ती संपूर्ण मजकुरावरून गणित करून काढलेली असते. एक अक्षर बदलले की गणित जुळत नाही. खरी गोम पुढेच आहे. काहीही न बदलताही सही मोडू शकते. व्हीएस कोडसारख्या एडिटरमध्ये सेव्ह करताना मजकूर आपोआप नीटनेटका मांडण्याची सोय सुरू करता येते. प्रोग्रामरला ती वरदान. पण त्यात ओळींमध्ये नव्या मोकळ्या जागा शिरतात आणि सहीच्या हिशेबात मोकळी जागाही धरली जाते. एआयकडून ‘दुरुस्ती’ करून घेण्याची सोय आता अशा सॉफ्टवेअरमध्ये येत आहे, तीही इथे तितकीच घातक. ऑक्सिजन एक्सएमएल एडिटरमध्ये सही तपासण्याची सोय आहे. सही केलेल्या फाइलसाठी खरी कामाची ती.

मग फाइल वाचायची कशी?

एक्सएसएलटी या भाषेत नियम लिहून एक्सएमएलचे वाचण्याजोगे पान तयार करता येते. मूळ फाइलला हात लागत नाही. ब्राउझर हे काम वर्षानुवर्षे करत आले. मात्र क्रोममधून ही सोय काढणार असल्याचे गूगलने २०२५ मध्ये जाहीर केले. त्यामुळे हे रूपांतर यापुढे वेगळ्या सॉफ्टवेअरकडे किंवा सर्व्हरकडे जाईल.

नाव बदलायचेच असेल तर?

आधार केंद्रावर किंवा ऑनलाइन पत्ता अद्ययावत करून घ्यावा आणि त्यानंतर नवी फाइल डाउनलोड करावी. सेवा केंद्रातल्या संगणकावर फाइल उघडून पाहिलीच, तर सेव्ह न करता बंद करावी. पुढे पाठवायची ती मूळ झिपच. शेअर कोड वेगळा कळवावा.